ओक, माती आणि तांबं

जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गच्या गल्ल्यांत शिरलेला माणूस आधी वर बघतो. तुळयांच्या टोकांवर कोरलेले पंखे, सहा पाकळ्यांच्या चांदण्या, हिऱ्यासारखे पैलू, लाल-पिवळ्या रंगात उठवलेली अक्षरं. मान अवघडेपर्यंत बघत राहावं असं तिथे आहे. पण या घरांची तब्येत कळते ती खाली. भिंत जिथे दगडी जोत्यावर टेकते, तिथे ओकची एक आडवी तुळई असते. सगळ्या घराचा भार शेवटी तिच्यावर येतो. जुन्या घराला हात लावण्याआधी सुतार वर चढत नाही, गुडघ्यावर बसतो आणि या तुळईत टोच्या खुपसून बघतो. टोक अडलं तर ठीक. मऊ मातीत शिरावं तसं आत गेलं, तर वरच्या नक्षीचं कौतुक करण्याआधी खालचं काम काढावं लागतं.

ती तुळई कुजते त्याचं कारण बहुतेक वेळा रस्ता असतो. शतकानुशतकं फरसबंदीवर फरसबंदी चढते, रस्ता वर येतो, जोतं गाडलं जातं. मुळात जमिनीपासून हात-दीड हात वर असलेलं लाकूड हळूहळू पायवाटेच्या पातळीला येतं. पावसाचं पाणी फरशीवर आपटून साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत उडतं, म्हणजे तुळई नेमकी त्या पट्ट्यात सापडते. ओक पूर्ण कोरडा असला तर टिकतो. कायम पाण्याखाली असला तरी टिकतो, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. तो मरतो तो ओल आणि हवा दोन्ही असतात त्या सीमेवर. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला वाट मोकळी होते. हे एक सूत्र हातात ठेवलं तर हार्ट्स डोंगराच्या भोवतालचा सगळा मध्ययुगीन ठेवा, मग ती घरं असोत, खाणी असोत की तळी, वेगळ्या नजरेने दिसायला लागतो.

हार्ट्स हा जर्मनीच्या मध्यभागी उत्तरेकडे अचानक उठलेला डोंगर. त्याचं सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, ११४१ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने हे फार नाही, पण उत्तरेकडच्या सपाट मैदानातून येणाऱ्याला तो भिंतीसारखा दिसतो. त्या भिंतीच्या उत्तर पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग, हाल्बरश्टाट आणि गोस्लार ही गावं, आणि थोडं पुढे वायव्येला हिल्डेसहाइम. १०व्या आणि ११व्या शतकात जर्मन राजसत्तेचं बरंचसं वजन या पट्ट्यात होतं. सॅक्सन घराण्याचा हाइनरिश ९१९ साली राजा झाला, त्याचा मुलगा ओटो ९६२ मध्ये रोममध्ये सम्राट झाला. पुढे हजार वर्षांनी याच पट्ट्यातून पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा गेली. गोस्लार आणि हिल्डेसहाइम पश्चिमेत, क्वेडलिनबुर्ग आणि हाल्बरश्टाट पूर्वेत. त्यामुळे काय वाचलं, काय पडलं आणि का, याची उत्तरं दोन बाजूंना वेगळी आहेत.

घरांपासून सुरुवात करू. क्वेडलिनबुर्गमध्ये लाकडी सांगाड्याची तेराशेहून जास्त घरं आहेत आणि ती एका काळातली नाहीत. वोर्टगासं या गल्लीतलं ३ क्रमांकाचं घर १४व्या शतकातलं. तिथे या बांधणीचं संग्रहालय आहे, आणि गाव बघायची सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. त्या घरात खांब जमिनीपासून छपरापर्यंत अखंड जातात आणि मजल्याच्या तुळया त्यांच्या आरपार घुसवून बाहेरच्या बाजूने अडकवलेल्या आहेत. नंतरच्या घरांत ही पद्धत सुटली. प्रत्येक मजला म्हणजे एक स्वतंत्र चौकट; एक पेटी तयार करायची, तिच्यावर तुळया टाकायच्या, त्यावर दुसरी पेटी. यात लांबलचक खांबांची गरज उरत नाही, दोन-अडीच मीटरचे खांब पुरतात. शिवाय वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढता येतो. त्याने वर जागा मिळते आणि खालची भिंत पावसापासून झाकली जाते.

या सोयीची किंमतही आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आखडत नाही, आडव्या अंगाने मात्र चांगलंच आखडतं. अखंड खांबांचं घर म्हणूनच आपली उंची राखतं. मजल्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या घरात मात्र दर मजल्याला आडव्या तुळयांचे दोन-तीन थर येतात, प्रत्येक थर थोडा बसतो, आणि चार मजल्यांचं घर पहिल्या काही वर्षांत नजरेला कळेल इतकं खाली येतं. गावातल्या वाकड्या खिडक्या आणि उतरत्या चौकटी बघून लोक हसतात. त्यातलं बरंचसं वाकडेपण घर नवं असतानाच आलेलं आहे. ते आजार नाही, बसणं आहे. आजार कुठे आहे ते ओळखायचं तर एकाच बाजूने खचलेला कोपरा बघावा. तिथे खाली हमखास पाणी मुरत असतं.

ओक हिवाळ्यात तोडायचा आणि ओला असतानाच कापायचा, हा इथला जुना रिवाज. वाळलेल्या ओकवर रंधा चालत नाही, पटाशी बोथट होते. झाड तोडलं त्याच किंवा पुढच्या वर्षी ते घरात बसत असल्यामुळे आज लाकडातली वर्तुळं मोजून घराचं बांधकामवर्ष जवळजवळ नेमकं सांगता येतं. सगळा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर आडवा मांडायचा. एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारा दांडा, आणि दोन्हींच्या आरपार जाणारी ओकची खुंटी. खुंटीचं भोक दांड्यात मुद्दाम किंचित सरकवून पाडलेलं असतं. खुंटी ठोकली की ती वाकते आणि सांधा आवळून धरते. लाकूड वाळलं तरी सुटत नाही. मग प्रत्येक सांध्यावर पटाशीने खूण करायची, रोमन आकड्यांसारखी. चारसाठी चार उभ्या रेघा, कारण पाचाच्या आधी एक लिहिला तर उलटं पडलेलं लाकूड सहा वाचलं जाईल. सांगाडा सोडवायचा, जागेवर न्यायचा, खुणा जुळवत उभा करायचा. अनेक घरांच्या दर्शनी बाजूला या खुणा अजून दिसतात. मला त्या वरच्या नक्षीपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

खांबांमधले चौकोन भरायची रीत कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. ती कुडाची भिंतच. फरक सामानाचा. चौकोनाच्या वरच्या लाकडात भोकं, खालच्यात खोबण; त्यात ओकच्या चिरलेल्या काठ्या उभ्या अडकवायच्या. त्यांच्यातून विलोच्या ओल्या फांद्या आडव्या विणायच्या. चिकणमातीत कापलेला पेंढा तुडवून लगदा करायचा आणि तो दोन्ही अंगांनी जोरात फेकून बसवायचा, म्हणजे विणीच्या मधून माती मातीला भेटते. नुसती थापली तर पुढे पापुद्रा सुटतो. पहिला थर वाळताना कडेने लाकडापासून सुटून फट पडते. ती पडणारच, तेव्हा घाई न करता पूर्ण वाळू द्यायचं आणि मग फट मातीनेच भरायची. शेवटी चुन्याचा साधारण सेंटिमीटरभर गिलावा. हा गिलावा लाकडाच्या पातळीला येऊन थांबला पाहिजे. उशीसारखा पुढे आला तर त्याच्या वरच्या कडेवर पाणी थबकतं आणि थेट लाकडात उतरतं. काम वसंतात धरायचं, कारण थंडीच्या आधी माती सुकली नाही तर आतलं पाणी गोठून सगळं भुसभुशीत होतं.

मातीची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. चिकणमाती लाकडाची ओल स्वतःकडे ओढून घेते आणि हवेत सोडते. काठ्या आणि फांद्या तिच्या पोटात शेकडो वर्षं कोरड्या राहतात त्या त्यामुळे. २०व्या शतकात मात्र माती म्हणजे गरिबी, असं सगळ्यांना वाटायला लागलं. चौकोनांत विटा भरल्या, वर सिमेंटचा गिलावा मारला, लाकडाला प्लास्टिकसारखा रंग दिला, फटींत सिलिकॉन किंवा फेस भरला. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आखडतं, सिमेंट हलत नाही. वर्ष-दोन वर्षांत दोघांच्या मधे केसाएवढी चीर पडते. वाऱ्यासोबतचा पाऊस त्या चिरेतून आत जातो, आणि बाहेर यायला वाट नसते. वरून रंग चकचकीत, आत ओकचा चुरा. एवढी आग आणि लढाया सोसलेली लाकडं तीस-चाळीस वर्षांच्या सिमेंटने संपलेली दिसतात तेव्हा वाईट वाटतं, कारण हे कुणी दुष्टपणाने केलेलं नाही. घर नीट राहावं म्हणूनच पैसे खर्चून केलेलं आहे.

दुरुस्ती शक्य आहे, कारण हे घर सुटतं. भिंतीला आडवे दांडे घालून जॅकवर भार घ्यायचा, कुजलेली तुळई मीटर-दोन मीटरच्या तुकड्यांनी काढायची, नवा ओक तिरक्या सांध्याने जोडायचा. खांबाचा फक्त पाय गेला असेल तर तेवढाच कापून नवा पाय लावायचा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट धरायची. इथे एक चूक वारंवार होते: जुन्या, खडखडीत वाळलेल्या खांबाला ओला नवा ओक लावला जातो. सहा महिन्यांत नवा आखडतो आणि सांधा उघडा पडतो. म्हणून चांगले कारागीर पाडलेल्या घरांचा जुना ओक जपून ठेवतात. चौकोन पुन्हा मातीने, रंग लाकडाला जवसाच्या तेलाचा, भिंतीला चुन्याचा.

क्वेडलिनबुर्ग दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ शाबूत राहिलं. पुढची चाळीस वर्षं घरांना पैसा आणि सामान मिळालं नाही. छपरं गळली, काही भाग पाडून तिथे काँक्रीटच्या तयार भागांच्या इमारती उभ्या राहिल्या. मात्र जी घरं नुसती दुर्लक्षित राहिली, त्यांच्यावर सिमेंटही चढलं नाही. १९९० नंतर दुरुस्ती सुरू झाली तेव्हा मूळ माती, मूळ खुंट्या, मूळ खुणा पुष्कळ ठिकाणी जागेवर सापडल्या. १९९४ मध्ये गाव, किल्ला आणि चर्च युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

गावावर वालुकाश्माची टेकडी आहे, तिच्यावर संत सेर्वाटियसचं चर्च. हाइनरिश ९३६ मध्ये वारला आणि इथे पुरला गेला. त्याच्या विधवेच्या, म्हणजे माटिल्डेच्या आग्रहाने ओटोने इथे स्त्रियांचा मठ काढला आणि सुमारे ३० वर्षं तिने तो चालवला. पुढे तिची नात, तिचंही नाव माटिल्डेच, पहिली मठाधिपती झाली. ९९४ मध्ये तिसऱ्या ओटोने या मठाला बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षांनी तो इटलीला गेला तेव्हा मागे सॅक्सनीचा कारभार त्याने याच मठाधिपतीवर, म्हणजे आपल्या आत्याबाईंवर सोपवला. गावच्या बाजारावर एका बाईची सत्ता, आणि ही सत्ता १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मठाकडे टिकली. गावकऱ्यांनी ती झुगारायचा प्रयत्न केला, तो १४७७ मध्ये मठाधिपती हेडविगने आपल्या भावांची फौज आणून मोडला आणि गावच्या स्वातंत्र्याचं चिन्ह असलेला रोलांडचा पुतळा पाडला. तो पुतळा १९व्या शतकात पुन्हा उभा राहिला. आज नगरभवनाच्या भिंतीशी दिसतो तो हाच.

सध्याचं चर्च ११२९ मध्ये पवित्र केलेलं. आत खांबांची लय ध्यानात घ्यावी: एक चौकोनी, दोन गोल, पुन्हा एक चौकोनी. सॅक्सनीतली ही खास चाल हिल्डेसहाइमलाही भेटते. तळघरात माटिल्डेची दगडी शवपेटी आहे. हाइनरिशची हाडं नाहीत. १९३६ मध्ये, त्याच्या मृत्यूला हजार वर्षं झाली तेव्हा, नाझींच्या एसएस या संघटनेचा प्रमुख हिमलर याने हे चर्च एसएसचं श्रद्धास्थान करायला घेतलं आणि पुढच्या वर्षी हाडं सापडल्याचं जाहीर केलं. तो बनाव होता. त्या काळात चर्चच्या पूर्व टोकाचं गॉथिक रूप आतून झाकून ‘अधिक जर्मन’ वाटेल असा अर्धगोल बांधला गेला. आज तिथे उभं राहिलं की दिसणारी साधी दगडी वक्रता १२व्या शतकाची नाही, २०व्या शतकाची आहे.

या चर्चच्या खजिन्यात सोन्याच्या शाईने लिहिलेली ९व्या शतकातली शुभवर्तमानाची पोथी आहे, संतांचे अवशेष ठेवायची हस्तिदंताची आणि स्फटिकाची पात्रं आहेत. युद्धात हे सगळं गावाजवळच्या गुहेत लपवलं होतं. १९४५ मध्ये पहाऱ्यावरच्या एका अमेरिकन लेफ्टनंटने त्यातल्या बारा वस्तू उचलल्या आणि लष्करी टपालाने टेक्सासला घरी पाठवल्या. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी त्या विकायला काढल्या, तेव्हा माग लागला. दहा वस्तू तडजोडीने, पैसे मोजून परत आल्या आणि १९९३ पासून पुन्हा जागेवर आहेत. दोन अजून बेपत्ता. परत आलेल्या वस्तूंच्या बरोबरीने इथला गालिचा बघायला विसरू नये. सन १२००च्या सुमाराला मठाधिपती आग्नेसच्या काळात मठातल्याच स्त्रियांनी तो गाठ-गाठ बांधून केला. त्याचे तुकडेच उरले आहेत, पण युरोपात विणलेल्या सर्वांत जुन्या गाठींच्या गालिच्यांत तो मोडतो.

कापडाचीच ओढ असेल तर पंधरा किलोमीटरवरचं हाल्बरश्टाट चुकवू नये. गाव ८ एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ गेलं. कॅथेड्रलला तडाखा बसला, पण खजिना वाचला. साडेसहाशेहून जास्त वस्तू अजून ज्या चर्चच्या होत्या तिथेच आहेत. ११५०च्या सुमाराचा अब्राहामचा विणलेला पट दहा मीटरहून लांब आहे. बिशप कोनराडने चौथ्या धर्मयुद्धातून आणलेली कॉन्स्टॅन्टिनोपलची चांदीची थाळीही इथलीच. खोली अंधारी लागते, कारण जुन्या लोकरीच्या रंगांना ५० लक्सच्या आसपासच उजेड सोसतो. आत शिरल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. डोळे सरावले की लाल आणि निळा वर येतात.

आता डोंगराकडे. गोस्लारच्या मागे रामेल्सबेर्ग उभा आहे. शिसं, जस्त, तांबं आणि थोडी चांदी-सोनं असलेलं खनिज त्याच्या पोटात. ९६८ साली या खाणीचा लेखी उल्लेख येतो आणि ३० जून १९८८ रोजी ती बंद झाली. मधे पाण्याने आणि भांडणांनी खंड पडले, तरी हजार वर्षं एकच डोंगर पोखरला गेला आणि त्यातून पावणेतीन कोटी टनांच्या आसपास खनिज निघालं. तिसरा ओटो आणि त्याची आजी आदेलहाइड यांच्या नावाची चांदीची नाणी १०व्या शतकाच्या अखेरीस इथल्या चांदीतून पडली. बाल्टिक किनाऱ्यावर पुरलेल्या ठेवींत ती हजारांनी सापडतात.

इथला दगड छिन्नीला दाद देत नव्हता, म्हणून जाळून फोडायचा. खाणीच्या तोंडावर, म्हणजे पुढे सरकायच्या भिंतीला लागून, लाकडाची रास रचायची. शनिवारी पेटवायची आणि रविवारभर कुणी आत जायचं नाही. दगडाचा पुढचा थर तापून फुगतो, मागचा थंड राहतो, आणि पुढचा पापुद्र्यासारखा सुटतो. सोमवारी धूर निवळल्यावर सैल झालेलं पाडायचं. घाई केली तर कोंडलेल्या वायूने माणसं गुदमरायची. लाकूड ओलं असेल तर धूर जास्त आणि ताप कमी. यात आणि धातू वितळवण्याच्या कोळशात हार्ट्सचं मूळ पानगळीचं जंगल संपलं. १८व्या शतकापासून तिथे भराभर वाढणारा स्प्रूस ओळीने लावला गेला. २०१८ नंतरच्या दुष्काळात आणि सालकिड्याच्या हल्ल्यात तोच स्प्रूस उभ्याउभ्या वाळला. ब्रोकेनभोवती दिसणारी करडी खोडं बघताना त्या शनिवारच्या आगी आठवाव्यात.

दुसरा शत्रू पाणी. १२व्या शतकातच पाणी बाहेर सोडायला डोंगरात एक बोगदा खोदला, राट्सटीफस्टर श्टोलेन. त्याच्या भिंतींवर झिरपलेल्या पाण्याने क्षारांचे थर साचवले आहेत: निळा मोरचूद, हिरवट हिराकस, पांढरे लोळ. मार्गदर्शकासोबतच तिथे जाता येतं. वाट अरुंद, पाय ओले होतात, आणि आत उन्हाळ्यातही दहा-बारा अंशच असतात, तेव्हा गरम कपडे न्यावेत. पण बोगद्याच्या पातळीच्या खालचं पाणी वर कसं काढायचं? १४व्या शतकात हाच प्रश्न न सुटल्यामुळे खाण कित्येक वर्षं बुडालेली राहिली. उत्तर निघालं ते डोंगरावरून आणलेल्या पाण्याने चाकं फिरवून, त्या चाकांनी खालचं पाणी उपसण्याचं.

वरच्या हार्ट्समध्ये याच युक्तीचं एक अख्खं राज्य उभं राहिलं. वाल्केनरीड हा सिस्टर्शियन मठ ११२७ मध्ये स्थापन झाला. त्या साधूंनी खाणीत वाटा घेतला आणि तळी, चर खोदायला सुरुवात केली. १५३६ ते १८६६ या काळात खाणमालकांनी ते वाढवलं. आज वारसा म्हणून १०७ तळी, ३१० किलोमीटर चर आणि ३१ किलोमीटर जलबोगदे गणले जातात. चर डोंगराच्या कुशीने समपातळीच्या जवळपास जातात. उतार जास्त झाला तर चर स्वतःलाच खणून फुटतो, कमी झाला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर फळ्यांची सुटी दारं असतात, मुसळधार पाऊस आला की ती काढून पाणी दरीत सोडायचं. हिवाळ्यात स्प्रूसच्या फांद्या आडव्या टाकून चर झाकायचे, म्हणजे वर बर्फ साचला तरी खाली पाणी वाहतं.

तळ्यांचे बांध मला या सगळ्यात सर्वांत आवडतात. पाणी अडवायला सिमेंट नाही, शुद्ध चिकणमातीही नाही. कुरणातून कापलेल्या गवताच्या ढेपा एकावर एक ठोकून बसवलेल्या. हवा लागत नाही तोवर ढेप सडत नाही आणि पाणी सोडत नाही. सुरुवातीला हा थर बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला असे. पाणी खाली गेलं की तो उघडा पडून वाळायचा, थंडीत गोठून फुटायचा, आणि दुरुस्तीला सगळं तळं रिकामं करावं लागायचं. १७१५च्या सुमाराला लोकांनी तो बांधाच्या पोटात, मध्यभागी नेला. दोन्ही बाजूंनी मातीचं पांघरूण, आणि पाणी सोडायची यंत्रणा बांधाच्या माथ्यावरच्या लहानशा लाकडी घरात. खाली तळाशी ओकची नळी, तिला वरून भोक, भोकात लाकडी बूच. घरातून दांडा ओढला की बूच उठतं. नळी कायम पाण्यात असते म्हणून शतकानुशतकं टिकते. दांड्याचा पाण्याबाहेर येणारा भाग मात्र पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. क्वेडलिनबुर्गच्या जोत्यावरची तुळई आणि हा दांडा एकाच कारणाने मरतात.

गोस्लार गावात परतलं की एक मोठी रिकामी जागा दिसते, तिथे गाड्या उभ्या असतात. तिसऱ्या हाइनरिशने ११व्या शतकात बांधलेलं कॅथेड्रल तिथे होतं. युद्धाने नाही, पैशाअभावी ते १८१९ ते १८२२ मध्ये पाडून दगड विकले गेले. उरला फक्त उत्तरेकडचा द्वारमंडप आणि कॅथेड्रलमधलं कांस्याच्या जाळीदार पाठीचं सिंहासन. समोरच्या राजवाड्याला १९व्या शतकात इतकी डागडुजी आणि भित्तिचित्रं मिळाली की तो आता त्या शतकाचाच वाटतो. त्यापेक्षा शेजारच्या उलरिश चॅपलमध्ये वेळ द्यावा: खाली क्रूसाचा आराखडा, वर अष्टकोन. हाइनरिशचा देह श्पायरला आहे, हृदय इथे.

हिल्डेसहाइम २२ मार्च १९४५च्या हल्ल्यात जळालं. संत मिशाएलचं चर्च, बिशप बेर्नवार्डने १०१०च्या सुमाराला सुरू केलेलं, छप्पर आणि भिंती गमावून बसलं. तरी १३व्या शतकातलं त्याचं रंगवलेलं छत आज डोक्यावर आहे, कारण ते दोन वर्षं आधी फळ्या सुट्या करून उतरवलं होतं. ओकच्या सुमारे १३०० फळ्या, २७.६ मीटर लांब, ८.७ मीटर रुंद. त्यावर येशूच्या वंशाचं झाड, खाली आदम-इव्ह आणि वर चढत जाणारे राजे. दगडी कमान असती तर ती कोण उतरवणार होतं? ते मान वर करून न बघता आरशात बघावं, म्हणजे रांगा एकामागून एक वाचता येतात.

कॅथेड्रलची कांस्याची दारंही तशीच काढून ठेवली गेली म्हणून वाचली. दोन दारं, प्रत्येकाची उंची ४.७२ मीटर, वजन १.८५ टनांच्या आसपास, आणि प्रत्येक दार एकाच ओतीत काढलेलं. त्यावर १०१५ हे साल कोरलं आहे. काम मेणाच्या साच्याने: आधी मेणात पूर्ण दार घडवायचं, चित्रांसकट आणि सिंहमुखाच्या कड्यांसकट. त्यावर बारीक मातीचा पातळ थर, मग जाड थर. मेणाच्याच काड्या लावून धातू आत यायच्या आणि हवा बाहेर जायच्या वाटा ठेवायच्या. साचा खड्ड्यात भाजायचा, मेण वाहून जातं, माती पक्की होते. साच्यात थोडीही ओल राहिली तर हजार अंशांच्या पुढचा रस पडताच वाफ होऊन साचा फुटतो. ओत मधेच तुटली तर आधीचा थर थिजतो आणि नंतरचा त्याला जुळत नाही. तिथे कायमची चीर. म्हणजे जवळजवळ दोन टन धातू एकाच वेळी वितळलेला हवा, भट्ट्यांची तोंडं एकाच वेळी उघडायला हवीत. हे एकदा जमलं असं नाही, दोनदा जमलं. माणसांची शरीरं खाली पत्र्याला चिकटलेली आणि डोकी पूर्ण सुटी पुढे आलेली आहेत, त्यामुळे खालून बघणाऱ्याकडे ती वाकल्यासारखी दिसतात.

सोळा चौकटी वाचायचा क्रम ठरलेला आहे. डावं दार वरून खाली, उजवं खालून वर. डाव्या दाराच्या वरून चौथ्या चौकटीत ईश्वर बोट रोखून विचारतो आहे. वाकलेला आदम इव्हकडे दाखवतो, इव्ह जमिनीवरच्या सापाकडे. शेजारी त्याच ओळीत न्याय करणाऱ्या रोमन सुभेदार पिलातापुढे उभा येशू. वरून सहावीत मुलाला छातीशी धरलेली इव्ह, शेजारी मुलाला घेऊन बसलेली मेरी. डाव्या दाराच्या तळाशी आदमचा मुलगा काइन आपल्या भावाला, हाबेलला, मारतो आहे. तिथून नजर उजवीकडे सरकवायची. त्याच उंचीवर, जमिनीच्या सर्वांत जवळच्या चौकटीत, देवदूत मेरीच्या दाराशी आला आहे, आणि पुढची चौकट त्याच्या वर आहे.